बावीस कसले, ते लिहायचं राहिलं

मी मुलांच्या वॉर्डातला जुना वजनकाटा. बसा जरा. माझ्याशी बोलायला कुणी येत नाही, म्हणून मीच सुरुवात करतो.

माझ्या तबकडीवर आकड्यांचे दोन गोल आहेत. बाहेरचा किलोचा, आतला पाउंडांचा. ज्यानं घडवलं त्याला वाटलं असेल, दोन्ही असले की सोय होईल. कसली सोय अन् कसलं काय!

लहान मुलांना औषध वजनावर देतात, त्यामुळे दिवसभर माझ्या पाळण्यात कुणी ना कुणी असायचंच. पोरं भोकाड पसरायची, लाथा झाडायची, वर मलाच ओलं करायची. तरी मला बरं वाटायचं. पोरांच्या आया मात्र आकडा विचारून मूल उचलून न्यायच्या. माझ्याकडे बघतंय कोण!

एकदा तापानं फणफणलेली वर्षाची एक पोरगी आणली. शिकाऊ सिस्टरनं, सगळे तिला चश्मिस म्हणत, पोरीला माझ्यात ठेवलं. पोरगी दहा किलोची. चश्मिसनं घाईत आतल्या गोलात पाहिलं आणि वहीत लिहिलं, बावीस. नुसतंच बावीस! पुढे किलो नाही, पाउंड नाही.

मग ती पुटपुटत हिशोब करू लागली, "किलोला पंधरा मिलिग्रॅम. बावीस गुणिले पंधरा, तीनशे तीस. पाच एमएलमध्ये दीडशे, म्हणजे अकरा एमएल."

गुणाकार, भागाकार अगदी चोख. पण मुळात बावीसला दोन पूर्णांक दोन दशांशनं भागून किलो करायचे राहिले होते. अगं बाई, थांब! पण मला कुठलं तोंड? दुपटीहून जास्त औषध भरून ती पोरीच्या ओठांपाशी घेऊन गेली. माझा जीव टांगणीला लागला.

"अहो सिस्टर," आईनं तिचा हात धरला, "सकाळी डॉक्टरांनी तर पाचच दिलं होतं. आता एवढं?"

चश्मिस पांढरीफटक पडली. धावत येऊन तिनं पोरीला पुन्हा माझ्यात ठेवलं आणि या वेळी बाहेरचा गोल वाचला.

मोठ्या सिस्टर कडाडल्या, "या काट्यानंच घोळ केला. काढा इथून!"

"नाही सिस्टर," चश्मिस रडत म्हणाली, "काटा बरोबर होता. मीच चुकीचं वाचलं, आणि एककही लिहिलं नाही."

आयुष्यात माझी बाजू घेणारी ती एकटीच. पण ऐकतंय कोण? दुसऱ्याच दिवशी नुसता किलो दाखवणारा नवा काटा आला.

आता मी शिकवणीच्या खोलीत असतो. माझ्यात रबरी बाहुली ठेवतात. ती ना रडते, ना हलते, ना वाढते. विद्यार्थिनी वजन लिहितात, पुढे एकक लिहितात, पाउंडांचे किलो करतात आणि दिवा मालवून जातात. फार एकटं वाटतं हो.

कधी वॉर्डाकडे गेलात, तर माझं एवढं काम करा. ती पोरगी तापातून उठली का, विचारा. आणि आता किती किलोची झाली, तेही विचारून या.