शेळीचं दावं

शहादेवनं भर छावणीत माझ्या नवऱ्याच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो शर्ट सकाळी मी इस्त्री करून दिला होता. कॉलर वाकडी नव्हतीच.

"घाबरू नको बे," तो म्हणाला. "घडलं ते सांगायचं. भाषण न्हाई ठोकायचं."

आमच्या ह्यांनी मान डोलावली. माझ्यासमोर त्यांनी इतक्या मुकाट्यानं मान डोलावल्याचं पंचवीस वर्षांच्या संसारात मला आठवत नाही.

एकोणीस सालचा मे महिना होता. विहिरी कधीच्याच आटल्या होत्या, आणि आमच्या गावच्या दूध सोसायटीनं कडा गावाच्या रस्त्याला माळावर जनावरांची छावणी उघडली होती. हिरव्या जाळीच्या सावलीत चार गावांची गुरं बांधलेली, आणि त्यांच्यापाशी रिकामी बसलेली माणसं. गुरांना निदान चारा येत होता. माणसांना काम नव्हतं. दिवसभर पत्ते चालायचे आणि पत्त्यांच्या आडून नशेच्या गोळ्या. म्हणून फेलोशिपच्या लोकांनी त्या दिवशी छावणीतच सभा लावली होती. भजनी मंडळाचा माईक मागून आणला होता.

फेलोशिप म्हणजे नशा सोडलेल्यांनी नशेत असलेल्यांना हात द्यायचा. त्यात कुणी डॉक्टर नाही, कुणी महाराज नाही. दर रविवारी कड्याच्या शाळेतल्या एका खोलीत ही माणसं गोल बसतात आणि ज्यानं त्यानं आपलं सांगायचं असतं. नाव तेवढं सांगतात, आडनाव नाही. जुना माणूस नव्याला हाताशी धरतो, त्याला स्पॉन्सर म्हणतात. आमच्या ह्यांचा स्पॉन्सर हा शहादेव. त्याचं स्टँडमागं शिलाईचं दुकान आहे. तोंडावर मी त्याला भाऊ म्हणते, मनात अरेतुरे करते.

तो वाईट माणूस आहे असं नाही. तसं म्हणता आलं असतं तर मला फार सोपं गेलं असतं.

आमचे हे मोटार दुरुस्त करणारे. बोअरमधून मोटारी उपसून उपसून कंबर धरली, कुणीतरी दुखायची गोळी दिली, मग गोळीशिवाय हात चालेना. पुढं खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आल्या. त्यांच्या खिशातल्या पट्ट्या हुडकून चुलीत घातल्या मी. नगरच्या दवाखान्यात त्यांच्या उशाशी अकरा दिवस बसले मी. नारायणगडाला अनवाणी गेले तीही मीच. आणि बरं कुणी केलं, तर शहादेवनं. सारं गाव असंच म्हणतं, आणि आमचे हेही.

रोज संध्याकाळी जेवणं झाली की हे फोन घेऊन अंगणात जायचे. अर्धा अर्धा तास बोलायचे. मी भांडी घासताना कान तिकडं लावायची. मधूनच हसू ऐकू यायचं. आत आले की मी विचारायची, काय म्हणत होते भाऊ? हे म्हणायचे, काही नाही, असंच. एकदा त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि महिनाभर तीत लिहीत बसले. आजवर कुणाकुणाचं काय वाईट केलं, ते सगळं त्यात लिहायचं असतं म्हणे. मग एक अख्खा दिवस शहादेवच्या दुकानात बसून ती वही त्याला वाचून दाखवली. मला नाही. माझा नवरा, माझ्याच घरातल्या भानगडी, आणि ऐकणारा शिंपी.

पहिलं वर्ष नशेविना गेलं तेव्हा शाळेतल्या त्या खोलीत केक कापला. मी नवं लुगडं नेसून गेले होते. ह्यांनी पहिला तुकडा शहादेवच्या तोंडात घातला. दुसरा मला दिला. मी हसून खाल्ला, पण तो घास माझ्या घशाखाली अजून गेलेला नाही.

तर त्या दिवशी हे माईकसमोर उभे राहिले. म्हणाले, "मी धर्मराज. मी नशेबाज हाय. तीन वर्सं झाली, आजच्या दिसापर्यंत नशा केलेली न्हाई." शहादेव आणि त्याच्यासोबतचे चौघे एका सुरात म्हणाले, "रामराम, धर्मराज." छावणीतली माणसं हसली. मी बायकांमध्ये बसले होते. अंगणवाडीची बाई म्हणून मला पुढं जागा दिली होती. माझ्या उजव्या हाताला, दोन दावणी सोडून, माझी थोरली बहीण भामाबाई तिच्या म्हशीपाशी बसली होती. मी तिकडं बघत नव्हते. नऊ वर्षं मी तिच्याकडं बघत नव्हते.

तिला मी अक्का म्हणते. तिनंच मला ह्या गावात दिलं. माझं लग्न तिनं जमवलं, माझी दोन्ही बाळंतपणं तिनं केली. आमच्या घरांमध्ये एक कुंपण तेवढं. बचत गटातून मी एक बांडी शेळी घेतली होती, पहिल्या वेताची, गाभण. एका दुपारी मी अंगणवाडीतून आले तर शेळी नाही. आणि तिचं दावं अक्काच्या अंगणात पडलेलं. मी गल्लीत उभी राहून तिला चोर म्हणत तोंड सोडलं. अक्का दारात आली आणि म्हणाली, माझ्या डोळ्यात बघून म्हण. मी तिच्या डोळ्यात बघून म्हटलं. त्यानंतर आमचं बोलणं नाही. माझ्या थोरल्या लेकीच्या लग्नाला मी तिला अक्षत दिली नाही. आई गेली तेव्हा दहाव्याला आम्ही ओट्याच्या दोन टोकांना बसलो.

ह्यांचं सांगणं बरं चाललं होतं. कंबर, गोळी, बाटली, दवाखाना. तेवढ्यात पत्त्यांच्या फडातून सटवा नावाचा एक गडी उठला. तो चिडून नव्हे, खरंच विचारावं तसं म्हणाला, "म्या माज्या पैशाची गोळी खातो. त्यात दुसऱ्याचं काय जातंय?"

हे थांबले. शहादेवनं तोंड उघडलं होतं, पण ह्यांनी त्याच्याकडं बघितलं नाही.

"माज्या बायकूची शेळी व्हती," हे म्हणाले. "गाभण. म्या ती बाजारात इकली, अन बाटल्या आनल्या. अन माज्यावर येऊ नये म्हनून तिचं दावं मेव्हणीच्या अंगणात टाकलं. सख्ख्या बहिणी तुटल्या. ह्ये गेलं दुसऱ्याचं."

माईक खरखरत होता. सटवा खाली बसला. माझ्या शेजारच्या बाईनं माझा हात धरला, तो मी सोडवला. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर काही ना काही उमटलं होतं. फक्त शहादेवच्या चेहऱ्यावर काही उमटलं नव्हतं. त्याला हे नवीन नव्हतं. वहीत होतं ते. दोन वर्षं माझी शेळी त्याला ठाऊक होती, आणि मला ठाऊक नव्हती. तेव्हा मला नवऱ्याचा आला नसेल तेवढा राग त्या शिंप्याचा आला. माझं आयुष्य माझ्याआधी त्यानं वाचलं होतं.

मग मी नऊ वर्षांत पहिल्यांदा मान वळवून अक्काकडं बघितलं. मला वाटलं ती रडत असेल, नाहीतर उठून उभी राहिली असेल. ती उसाच्या वाढ्यांची मोळी सोडत होती. गाठ सोडून तिनं वाढी म्हशीपुढं टाकली. तिच्याही चेहऱ्यावर काही उमटलं नव्हतं.

तिलाही माहीत होतं.

मी उठले. हे माईक सोडून माझ्यामागं यायला निघाले, तर शहादेवनं त्यांचा दंड धरला. "जाऊ दे वहिनीला," तो म्हणाला. "तिथं तुझं काम न्हाई." त्या माणसाचं मला पटलेलं हे पहिलं वाक्य.

अक्कासमोर जाऊन उभी राहिले. तिनं पोतं थोडं सरकवलं. मी त्यावर बसले. ती म्हातारी झाली होती. कानातली फुलं नव्हती, आणि हाताच्या शिरा आईसारख्या वर आल्या होत्या.

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

तिनं घाई न करता सांगितलं. दोन वर्षांमागं धर्मराज तिच्या दारात आला होता, सोबत तो शिंपी होता. ज्याचं वाईट केलं त्याच्यापुढं जाऊन कबूल व्हायचं, अशी त्यांची रीत आहे. त्यानं पाय धरले. आता विमलला, म्हणजे मला, सांगतो म्हणाला. अक्कानंच त्याला शपथ घातली, तिला सांगायचं नाही.

"कावून?" माझा आवाज चिरका झाला. "दोन वर्सं, अक्का. कावून?"

"तू आपल्या मनानं येतीस का, ते बघायचं व्हतं मला."

ती म्हशीकडं बघत बोलत होती.

"तू यायचंस अन म्हनायचंस, अक्का, तू न्हाई घेतलीस. कुणी सांगितलं म्हनून न्हाई. अशीच. मला ठावं हाय, म्हनून." तिनं वाढ्याचं एक पान सोललं. "रोज वाट बघायची मी. आता काय, कळल्यावर आलीस."

तिला राग नव्हता. राग असता तर मी पाय तरी धरले असते. आता मी काहीही म्हटलं तरी ते कळल्यानंतरचंच होणार होतं. इतकी वर्षं मी शहादेववर जळत होते, कारण माझ्या माणसानं मनातलं त्याला दिलं. आणि माझ्या मनातलं एक वाक्य माझी बहीण कुंपणापलीकडं बसून मागत होती, ते मी दिलं नाही. तिकडं माईकवर आता शहादेव बोलत होता. मला ऐकू येत होतं, पण त्याचा हेवा करायला जागा उरली नव्हती.

"म्हशीला पाणी दावायचंय," अक्का म्हणाली आणि बादली माझ्याकडं सरकवली.

हौदावर रांग होती. माझी पाळी आली तेव्हा सभा मोडली होती. आमचे हे लांब एका खांबाला टेकून बसले होते, आणि सटवा त्यांच्याजवळ उकिडवा बसून काहीतरी विचारत होता. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी बादली भरून घेतली.

म्हशीपुढं बादली ठेवली तर ती मागं सरली. दावं ताणून फुरफुरली. अक्काकडं ही म्हैस जन्मली ती ह्याच नऊ वर्षांत. माझा वास तिला कुठून ठाऊक असणार? मी बादली तशीच धरून उभी राहिले. एवढ्या मेहनतीनं आणलेलं पाणी हिंदकळून माझ्या पायावर सांडत होतं.

अक्का गुडघ्यावर हात देऊन उठली. तिनं म्हशीच्या मानेवर हात ठेवला.

"पी बाई," ती म्हणाली. "आपलीच हाय ती."

म्हशीनं माझा हात हुंगला आणि बादलीत तोंड घातलं.