अबेकेच्या खळीतला मध

अदिगुन सहा महिने अबेकेच्या शेडमध्ये खळ ढवळायला होता. सातव्या महिन्यात त्याने तीच खळ स्वतःच्या नावाने विकायला काढली. लागोसच्या बिस्किटवाल्यांची वर्षाची ऑर्डरही त्यानेच पटकावली. शेडमधल्या अकरा बायकांचे हात रिकामे झाले.

कसावा किसायचा, त्याचा चिक खाली बसवायचा, कडुनिंबाच्या पाण्यात शिजवायचा. अशा खळीने चिकटवलेली कागदी पिशवी खड्ड्यात पुरली, की खळीसकट तिची माती होते. बिस्किटवाल्यांना हवं होतं ते हेच.

"गावप्रमुखाकडे जा की!" शेडमधली सफूरा चिडून म्हणाली.

"कशाला? मेला एप्रिलात आला न् ऑक्टोबरात गेला. माझ्याकडे त्याने पावसाळाच तेवढा पाहिला."

अबेके थांबली. थांबणं तिला जमायचं. दोन नवरे तिने असेच संपवले होते, असं गाव म्हणे.

डिसेंबरात वाळवंटाकडून हरमॅटनचा कोरडा वारा सुटला. ओठ उलले, दारांच्या फळ्या तडकल्या. अदिगुनची खळही वाळून काचेसारखी झाली आणि लागोसच्या दुकानांत पिशव्यांचे तळ धडाधड उघडले.

तिसऱ्या दिवशी तो आला. पांढराशुभ्र झगा घालून आला आणि रिवाजाप्रमाणे तिच्यापुढे धुळीत पालथा पडला.

"इया, चुकलो." इया म्हणजे आई; थोर बाईला तिथे असंच हाकारतात.

वडीलधाऱ्याने 'ऊठ' म्हणावं, तेव्हा उठायचं. अबेके कसावा सोलत राहिली. एक कंद, दुसरा कंद. सफूराने भरलेली पाटी हळूच पुढे सरकवली. अख्खी पाटी सोलून झाली, तेव्हा अबेके म्हणाली, "ऊठ. गुरासारखा काय लोळतोस!"

"इया, कोरड्या दिवसांत काय घालता?"

"मध. हंडाभर खळीला दोन पळ्या."

त्याचा चेहरा आंबला. "मध? बिस्किटांच्या पिशवीला? म्हणजे मुंग्यांना आवतणच की! पालथा पडलो तरी खोटंच सांगता?"

"मुंग्यांना कडुनिंब आवडत नाही रे."

"मी काय खुळा आहे?" झगा झटकत तो चालता झाला.

"खरं सांगितलंस?" सफूरा कुजबुजली.

"अक्षर न् अक्षर खरं. चोराला सगळेच लबाड दिसतात, मी काय करू?"

त्याने खळीत दुप्पट चिक घातला. पुढच्या आठवड्यात पिशव्या आणखी लवकर फाटल्या, आणि बिस्किटवाल्यांची बाई स्वतः गाडी घेऊन शेडच्या दारात उतरली. अबेकेने चिकटवलेली पिशवी तिने ओढली, ताणली, उन्हात धरली. जोड सुटला नाही.

"ऑर्डर तुमची. पण त्या माणसाने तुम्हाला एकदा विचारायचं तरी!"

"विचारलं ना," अबेके हंड्यात मध सोडत म्हणाली. "एक पाटी कसावा सोलून होईतो पडून विचारलं. लेबलावर माझं नाव मोठ्या अक्षरात घाला, बाई. त्याला लांबून वाचता आलं पाहिजे."