सर्व्हरवरचा ताईचा डेस्कटॉप

ताईच्या हातांतली ताकद एकदम गेली नाही. आधी बरणीचं झाकण उघडेना, मग शर्टाचं बटण लागेना, मग कीबोर्ड जड झाला. ती पुराचे नकाशे करायची. नदी फुगली तर पाणी कुठल्या गल्लीत किती चढेल, ते निळ्या छटांनी दाखवायची. त्याच कार्यालयात तिचा धाकटा भाऊ सर्व्हर सांभाळायचा. बंड्या हे त्याचं घरचं नाव, पण ताईनं एकदा कॅन्टीनमध्ये हाक मारली आणि ते सगळ्यांच्या तोंडी बसलं.

डॉक्टरांनी जिने चढायला बंदी केली तेव्हा ताई घरी बसली. नकाशा अर्धाच झाला होता. तिच्या टेबलावरचा दांडगा कॉम्प्युटर लगेच दुसऱ्या कुणाला दिला गेला आणि घरच्या लॅपटॉपला एवढा नकाशा झेपेना. झेपला असता तो सर्व्हरला. पण सर्व्हरवर नुसता काळा पडदा, सगळं टाइप करून सांगायचं. ताईची बोटं टाइप करेनात. माऊस मात्र अजून सरकत होता.

"सर्व्हरवर डेस्कटॉप टाकतो, माऊसनं चालेल असा," बंड्या साहेबांना म्हणाला.

"त्याला धड पडदा नाही. बघणार कोण?"

"ताई. घरून."

"मेमरी खाईल तो. बाकीचे बोंब मारतील."

"हलकासा टाकतो. बाहेरच्यांना दारही दिसणार नाही, फक्त तिच्या लॅपटॉपला वाट देतो."

"बघ बाबा. घोळ झाला तर तुझ्या डोक्यावर."

सगळं बसवून बंड्या ताईकडे गेला. लॅपटॉप जोडला तर समोर सपाट करडा पडदा. भावजी, ताईचे यजमान, मागून वाकून म्हणाले, "आभाळ भरून आलंय का रे?" ताई हसली, पण बंड्याला हसू येईना. बऱ्याच वेळानं घोळ कळला. जोडणी झाली होती, पण जोडल्यावर डेस्कटॉप सुरू कर, हे सर्व्हरला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं एक ओळ घातली, पुन्हा जोडलं, आणि पडदा उजळला. ताईनं नकाशा उघडला.

"अगं बाई, माझी नदी!"

ती रोज थोडं थोडं काम करू लागली. अडलं तर बघता यावं म्हणून तिचा पडदा बंड्याला कार्यालयातूनही दिसे. सुरुवातीला माऊसचा बाण नीट चालायचा. मग तो थरथरू लागला. एका दुपारी एक गल्ली रंगवायला तो पुढे गेला, घसरला, पुन्हा गेला, पुन्हा घसरला. बंड्याला बघवेना. त्यानं आपला माऊस धरला आणि बाण अलगद गल्लीवर नेऊन ठेवला. लगेच फोन वाजला.

"बंड्या, तो तुझा हात आहे ना? काढ."

त्यानं काढला. ती गल्ली रंगायला संध्याकाळ झाली.

पुढे एक दिवस तिचाच निरोप आला, घरी ये म्हणून. "तू माऊस धर, मी सांगते." पलंगाशी खुर्ची ओढून तो बसला. पुलाखालच्या घरांशी आल्यावर त्यानं निळा रंग अलीकडेच थांबवला.

"अजून पुढे ने."

"तिथं लोक राहतात, ताई."

"म्हणूनच सांगतेय. नकाशा पुलाशीच लागणार ना? त्यांना कळायला नको?"

नकाशा पुरा झाला. ताईनं डोळे मिटले. "आता तो डेस्कटॉप काढून टाक."

"असू दे की. उद्या तुला वाटलं तर..."

"उद्या काय वाटायचंय रे मला?"

भावजी उठून स्वयंपाकघरात गेले. नळ सोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

दुसऱ्या दिवशी बंड्यानं ताईचा डेस्कटॉप बंद केला, सर्व्हरवरून काढला, तिच्या लॅपटॉपची वाटही बुजवली. हाताला सवय होती, काम चटकन उरकलं. कुणीतरी जाता जाता म्हणालं, "आज सर्व्हर हलका झालाय, नाही?" तो "हो" म्हणाला.

संध्याकाळी तो गेला तेव्हा ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"नकाशा लावला का रे पुलाशी?"

"लावला," बंड्या म्हणाला. नकाशा अजून साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. "लोक थांबून बघत होते."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि त्याला कूस बदलून द्यायला सांगितलं.