पानी वाटमा शे

मित्रांनो, पिंपळनेरच्या खाली पांझरा नदीवर एक दगडी बंधारा आहे. तिथून शेतांकडे पाट निघतो. त्या पाटाच्या तोंडाशी गंजून उभा असलेला लोखंडी दरवाजा म्हणजे मी. धुळ्याच्या एका कारखान्यात मला ठोकून काढलं आणि बैलगाडीत घालून इथं आणलं. माझ्या डोक्यावर एक चाक आहे. ते फिरवलं की मी वर उचलला जातो आणि माझ्याखालून पाणी पाटात शिरतं.

माझं चाक झुलाल पाटकऱ्याच्या हाती होतं. पाटाच्या शेवटाला पाणी पोचायला दोन तास लागत. पण ते दोन तास कधी भरवशाचे नसत. पाट कोरडा असला तर वाळूच पाणी पिऊन टाकी, खेकडे काठाला भोकं पाडत, कुणी मधेच बांध फोडून घेई. म्हणून झुलालनं एक रीत धरली होती. चाक एकदा फिरवलं की तो डोक्याचा रुमाल चाकाला बांधायचा. खालून पाणी आल्याचा निरोप येईपर्यंत गाठ सोडायची नाही. कुणी घाई केली तर म्हणायचा, “पानी वाटमा शे.” पाणी वाटेत आहे.

लोक चेष्टा करत, की झुलालभाऊ पाण्याला दाव्यानं बांधतो. पण सुगीत तेच लोक सांगत, की आमच्या पाटावर कुणाचा ऊस वाळत नाही आणि कुणाचा बांध फुटत नाही.

१९८७ साली, होळीनंतर, पाट दुरुस्तीसाठी तीन आठवडे बंद होता. पाणी सोडलं त्या दिवशी पहिली पाळी शेवटच्या वावराची होती. ते वावर झुलालचंच. त्याची बायको शेवंताबाई पिवळ्या पडलेल्या उसाशी फावडं घेऊन उभी होती.

सकाळी झुलालनं चार फेरे दिले आणि रुमाल बांधला. दोन तासांनी पाटाची राखण करणारा निंबा सायकलवर आला. पाणी पोचलं नव्हतं. झुलाल म्हणाला, वाटमा शे. तासाभरानं निंबा परत आला आणि खाली बघत त्यानं वहिनीचा निरोप सांगितला.

“गावना वावरले पूर देतस, आनि घरना वावरले चूळभर पानी नही.”

झुलाल उठून चाकाशी आला. मग त्यानं गाठ सोडली. मित्रांनो, मी अडून बसलो असतो. पण दुरुस्तीत मला नुकतंच वंगण घातलं होतं. चाक गरगर फिरलं. आणखी सहा फेरे.

पुढच्या खेपेला निंबा पाणी आल्याचा निरोप घेऊन हसतच सायकलवरून उतरला. “पानी उनं, भाऊ. बारीक शे. वहिनी मोरीमा उतरनी, गाळ काढी ऱ्हायनी.”

मोरी म्हणजे गाडीवाटेखालची अरुंद नळी. शेवंताबाई पाण्याला वाट करून द्यायला तिच्यात शिरली होती. पहिल्या चार फेऱ्यांचं पाणी तिच्या घोट्याला लागलं होतं. नंतरच्या सहा फेऱ्यांचं वाटेत होतं.

झुलालनं निंबाला हातानंच मागं पिटाळलं आणि चाकाला लोंबकळून मला खाली बसवलं. मी घट्ट बंद झालो. माझ्यासमोरचं पाणी लगेच उतरलं. पण पुढं गेलेल्या पाण्याला ते ठाऊक नव्हतं. वाळू आता भिजलेली होती. तिनं काही प्यायलं नाही. पाणी नेहमीपेक्षा लवकर पोचलं.

निंबाला मोरीच्या तोंडाशी फक्त फावडं सापडलं.

झुलालनं पाट सोडला नाही. पुढं गावात विहिरींवर पाण्याच्या मोटारी आल्या, पाट कोरडा पडला, तरी तो येत राहिला. रिकाम्या पाटावर माझं चाक चार फेरे फिरवी, रुमाल बांधी आणि दोन तास बसून राही. उठताना काठाला विचारी, “उनं का?” एका पावसाळ्यानंतर तोही यायचा थांबला.

त्याचा शेवटचा रुमाल अजून माझ्या चाकाला आहे. उन्हानं त्याचा रंग गेला आहे. ऊन वर आलं की काठावरून सायकलची साखळी वाजते. कुणी उतरत नाही. तरी मी निरोपाची वाट बघतो.

मला रंग लावला नाहीत तरी चालेल, मित्रांनो. भंगारात न्यायचं तर न्या. पण इथं असेतो त्या गाठीला हात लावू नका. खाली कोण उभं आहे, ते इथून दिसत नाही.