रिकामे हूक

कोळशाची खाण बंद झाल्यावर आमच्या गावातले पुरुष खोकून मरतील असं मला वाटलं होतं. खाणीचा डॉक्टर म्हणून तीस वर्षं मी त्यांची फुप्फुसंच तपासत आलो होतो. पण ते मरू लागले ते हृदयानं, दारूनं, आणि काहीजण नुसते खिडकीशी बसून. बेकारी हाही एक आजार आहे असा मोठा निबंध मी लिहिला आणि कुठे पाठवावा हे न ठरल्यामुळे कपाटात ठेवून दिला. मलाही झोप येईनाशी झाली होती.

शेजारच्या गेरार्दची मला सर्वांत जास्त काळजी होती. त्याचा रक्तदाब दोनशेच्या खाली येत नव्हता. त्याची बायको बोझेना त्याला दर सोमवारी माझ्याकडे ओढून आणायची. हा हिवाळा तो काढणार नाही, हे मी तिला कसं सांगावं याची मनात उजळणी करत होतो.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी मात्र यंत्रानं एकशे तीस दाखवलं. मी दुसऱ्या दंडावर पट्टा बांधला. तितकाच.

"गोळ्या लागू पडल्या म्हणायच्या," मी म्हणालो.

"गोळ्या?" बोझेना हसली. "त्या संडासात गेल्या, डॉक्टरसाहेब! हा बैल आता नऊला झोपतो नि पहाटे पाचला उठतो. चरबी लावलेला पाव कागदात बांधून घेऊन जातो, कागद परत आणतो."

"कुठे जातोस रे?"

"कामावर," गेरार्द म्हणाला.

मला इतकं हायसं वाटलं की मी पुढे काही विचारलंच नाही. मग दिव्याखाली त्याचे डोळे तपासताना पापण्यांच्या कडेला काजळासारखी बारीक काळी रेघ दिसली. ती कोळशाची; साबणानं जात नाही. पण खाणीच्या तोंडात काँक्रीट ओतलं त्याला सात वर्षं झाली होती. मी स्वतः तिथे टोपी काढून उभा होतो.

खाली उतरताना प्रत्येकानं आपल्या नंबराचा पितळी बिल्ला फळीवरच्या हुकावरून काढून घ्यायचा आणि वर आल्यावर परत अडकवायचा, असा आमचा नियम होता. हूक रिकामा असेल तर माणूस अजून खाली आहे. शेवटच्या पाळीला मीही उतरलो होतो. त्या दिवशी सगळ्यांनी बिल्ले आठवण म्हणून घरी नेले. नियम मोडायला घाबरणारा मी एकटाच. मी माझा अडकवला. भिंतभर रिकाम्या हुकांत तो एकटा लोंबकळत होता. पुढच्याच महिन्यात ती फळी असलेली इमारत पाडली.

गेरार्द कोट चढवत होता. त्याला खरं काय ते विचारावं, की हे एकशे तीस असंच राहू द्यावं? बोझेनानं माझा विचार ओळखला असावा.

"नका विचारू, साहेब," ती हळूच म्हणाली. "बरा झालाय ना?"

मी कागदावर 'प्रकृती उत्तम' असं लिहिलं. ते वाचून गेरार्द हसला.

"खाली बाकी सगळेही बरे आहेत, डॉक्टरसाहेब. ते विचारतात, तुम्ही एकटेच वर कसे गेलात?"

त्यानं खिशातून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं, आणि दोघं भांडत, हसत जिना उतरून गेले.

तो माझा बिल्ला होता. गार, ओला.

तो मुठीत धरून मी पडलो आणि कित्येक वर्षांनी गाढ झोपलो. पहाटे पाचला जाग आली तेव्हा मी स्वयंपाकघरात उभा होतो. पावाला चरबी लावून झाली होती, कागदाची घडीही नीट बसली होती. सवयीनं मनगटावर बोटं ठेवली. नाडी बहात्तर, संथ, एखाद्या तरुणासारखी.

आरशात पाहायचं मात्र मी टाळलं.