चाळीस नावांची ओळ

मी एक जुनी ओळ आहे. वहीतली नाही आणि शाळेच्या मैदानावर उभ्या राहिलेल्या मुलांचीही नाही. नंदुरबारमधल्या एका डोळ्यांच्या दवाखान्याच्या संगणकात मी राहते, प्रोग्रॅममधली एक ओळ म्हणून. तिथल्या डेटाबेसमध्ये हजारो रुग्णांची नावं साठवलेली आहेत. त्यांतली किती नावं यादीत घ्यायची, हे सांगणं माझं काम. मित्रांनो, माझ्यावर निबंध लिहायला तुम्हाला कोणी सांगणार नाही. म्हणून माझी गोष्ट मीच सांगते.

लोणखेड्याच्या कॉलेजात शिकलेल्या पुनीतने मला लिहिलं. त्याच्या घरचं शहाद्याला कापडाचं दुकान. गिऱ्हाईक म्हणेल तेवढंच कापड, बोटभरही जास्त न जाऊ देता फाडून द्यायचं, हे त्याच्या हातात लहानपणापासून बसलेलं. आमचं कुळ मात्र फार लवचीक आहे. 'पहिली दहा नावं दे' म्हणा, 'वीस सोडून पुढची दहा दे' म्हणा, नाहीतर 'शेकडा पाच दे' म्हणा, आम्हाला हवं तसं वाकवता येतं. आणखीही एक रीत आहे. शेवटच्या नावाच्या बरोबरीला कुणी असेल तर त्यांनाही घे, असंही आम्हाला सांगता येतं. पुनीतने ते सांगितलं नाही. मोतीबिंदूच्या शिबिरात चाळीसच ऑपरेशनं व्हायची, म्हणून त्याने लिहिलं, वयाने सगळ्यात मोठी असलेली पहिली चाळीस नावं, फक्त.

त्या 'फक्त'चा मला केवढा तोरा होता! माझ्याआधी यादी हाताने व्हायची, त्यात कुणाचा मामा घुसायचा, कुणाची आत्या. मी आल्यावर वशिला बंद झाला. दवाखान्यात संगणकावर बसणारी सुनिता येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायची, "हिन्हामुळे मन्हा दोन दिन वाचतस." मी फुगून जायचे.

एक गोष्ट मला दिसत होती, पण मी ती मनावर घेतली नाही. सातपुड्यातल्या पाड्यांवर जुन्या माणसांचा जन्मदिवस कुणी लिहून ठेवलेला नसतो. आधार कार्ड काढताना घरच्यांनी अंदाजाने वय सांगितलं की त्या वर्षाची एक जानेवारी कागदावर पडते. त्यामुळे डोंगरातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या लेखी एकाच दिवशी जन्मलेली. मला त्याचं हसू यायचं. हसायला नको होतं.

दिवलीबाईंची तारीखही तीच, एक जानेवारी एकोणीसशे अठ्ठावन्न. मणिबेलीकडे, नर्मदेच्या काठावर त्यांचा पाडा आहे. पेरणीच्या आधी सगळा पाडा ज्वारीचं बियाणं निवडायला त्यांच्याकडे आणतो. त्या दाणे मोजत नाहीत. चांगला दिसला की उचलतात, तसे आणखी दिसले की तेही उचलतात. दोन्ही डोळ्यांवर पडदा आल्यापासून त्या बोटांनी चाचपून निवडत होत्या आणि चुकत होत्या.

फेब्रुवारीतल्या शिबिरासाठी मी पंधरा दिवस आधी यादी काढली, तेव्हा त्या एकोणचाळिसाव्या होत्या. तशी चिठ्ठी त्यांच्या घरी पोचली. त्यांचा मुलगा करमसिंग रेंज मिळावी म्हणून टेकडीवर चढला आणि त्याने सुनिताला फोन केला. "माझा नंबर बदलला. नवा लिहून घ्या. तारीख पुढेमागे झाली तर कळवा." सुनिताने लगेच लिहून घेतला. आता आमच्या साठ्यात अशी रीत, की एखाद्या नोंदीत काही बदललं की ती आपली जागा सोडून मागे जाऊन बसते. त्या एका तारखेची आठ माणसं होती आणि त्यांच्या वाट्याला जागा उरल्या होत्या पाच. शिबिराच्या सकाळी चिठ्ठी नसलेलेही बरेच जण आशेने आले होते, तेव्हा सुनिताने पुन्हा यादी मागितली. हाताला आधी लागले ते पाच मी घेतले आणि चाळीस भरताच थांबले. दिवलीबाई मागे होत्या.

"माय, तुन्हं नाव यादीमा नई शे," मुलाबरोबर दारात आलेल्या दिवलीबाईंना सुनिता म्हणाली.

करमसिंगने चिठ्ठी पुढे केली. "मॅडम, ही तुम्हीच दिली ना? काल सकाळी बोटीत बसलो आम्ही. मग जीप, मग एसटी. आता आईला तशीच परत नेऊ?"

सुनिता धावत डॉक्टरांकडे गेली. डोळ्यांत बसवायची भिंगं चाळीसच आणलेली होती आणि चाळीस जणांच्या डोळ्यांत औषध घालूनही झालं होतं. तिने पुनीतला फोन लावला. तो म्हणाला, "चाळीस मांगात, चाळीस दिधात. लाइन मन्ही बराबर शे."

"लाइन बराबर शे, मंग हाई माय कथी गयी?"

दुपारी पुनीत स्वतः आला. एकाखाली एक आठ सारख्या तारखा पाहून त्याने कपाळाला हात लावला. "ह्या आठ जण मन्हा ध्यानमा कसा नई उनात?" त्याने 'फक्त' पुसलं आणि 'शेवटच्याच्या बरोबरीचे सगळे' असं लिहिलं. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. तोवर दिवलीबाई मुलाचा खांदा धरून एसटीत बसल्या होत्या.

सुनिताने पुढच्या महिन्यात बोलावलं, पण करमसिंग ऊसतोडीला गुजरातेत गेला आणि आईला आणायला कुणी उरलं नाही. नंतर पावसाळ्यात बोट बंद झाली. ऑक्टोबरच्या शिबिराला मी नव्याने नोंदलेली धरून त्रेचाळीस नावं दिली. दिवलीबाई त्यांत होत्या आणि डॉक्टरांनी भिंगंही जास्तीची मागवली होती.

डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात बराच वेळ पाहिलं. "मोतीबिंदू फार पिकला. दाब वाढून आतली नस गेली, ह्या डोळ्याला आता दिसणार नाही. आठ महिने आधी आणायला हवं होतं."

"आणलं होतं," करमसिंग म्हणाला.

सुनिताने मान खाली घातली. मला मान नाही, नाहीतर मीही घातली असती. डाव्या डोळ्यात भिंग बसलं आणि तो डोळा वाचला. उजव्या डोळ्याचं दुःख मात्र माझ्या मनातून जात नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी पुढे माझ्यासारख्या ओळी लिहील, कुणी हाताने याद्या करील. शेवटचं नाव झालं की लगेच हात झटकू नका. त्याच्या बरोबरीला कोण उभं आहे ते एकदा बघा. मी बघितलं नाही, आणि त्याची शिक्षा मला झाली नाही, दुसऱ्याच कुणाला झाली. दिवलीबाई आता एका डोळ्याने बियाणं निवडतात. पूर्वी एका सकाळीत व्हायचं त्या कामाला आता त्यांना अख्खा दिवस लागतो, पण निवडलेल्याच्या बरोबरीचा एक दाणाही त्या मागे टाकत नाहीत.