प्लगइनला परवानगी

चार वाजता दिल्लीत नात सत्यशीलाचा खो-खोचा अंतिम सामना सुरू झाला होता आणि गारखेड्यातल्या घरात सोनाजी आणि बानाबाई लॅपटॉपवरच्या काळ्या चौकोनाकडं बघत बसले होते.

चौकोनाखाली दर वेळी एकच पाटी यायची. सोनाजी अक्षराला अक्षर जोडत ती वाचायचा, "व्हिडिओसाठी प्लगइन चालू करायचे आहे. परवानगी द्यायची का?" मग तो माऊसनं 'नाही' दाबायचा. पाटी जायची, चौकोन काळाच राहायचा.

शेवटी त्यानं कामावर गेलेल्या पोराला, बिभीषणला, फोन लावला.

"आबा, 'होय' दाबा की."

"प्लगइन म्हंजी कोण? कुठला?"

"माणूस नाय ते. त्याच्यामुळं व्हिडिओ चालतो."

"मग चालव म्हणावं. मला कशाला इचारतंय?"

न वाचता कागदावर उठवलेल्या एका अंगठ्यापायी सोनाजीचं मेंढरांचं चराऊ रान गेलं होतं. साठीत अक्षरं शिकला तेव्हाच त्यानं ठरवलं होतं, की न समजलेल्या गोष्टीला होकार द्यायचा नाही.

"सरका तिकडं," म्हणत बानाबाईनं माऊस ओढून घेतला. तिला वाचता येत नव्हतं. नवरा जे दाबत नव्हता, ते तिनं दाबलं.

चौकोन उजळला. सत्यशीला खांबाला वळसा घालून धावत होती. बानाबाई टाळ्या पिटायला लागली. सोनाजीची नजर नातीवरून हलत नव्हती, पण फोन कानालाच होता.

"बिभीषणा," तो हळूच म्हणाला, "तुझी आई नेमकं कशाला व्हय म्हणली रं?"